शिवणीतली माया

2018 सालचा मे महिना. दुबईच्या सतवा भागात कपडे शिवून आणि अल्टर करून देणाऱ्या दुकानांची रांगच आहे. त्यांतल्या एका दुकानात मी ब्लाउज घेऊन गेले होते. पैठणीवरचा, लग्नातला. तो सैल का करावा लागत होता हे सांगत बसत नाही. मशीनवर बसलेल्या बाईला येणारेजाणारे सगळे ‘आते’ म्हणत. टॅगालॉग भाषेत आते म्हणजे थोरली बहीण. आपल्या कानाला ती आत्याला मारलेली हाक वाटते, त्यामुळे मीही बिनदिक्कत तशीच हाक मारायची.

आतेने ब्लाउज हातात घेतला आणि पहिल्यांदा उलटा केला. काठावरचे मोर पाहिलेसुद्धा नाहीत. बगलेतली शिवण चिमटीत धरून माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, किती सोडलीय ते बघितलं, अस्तर कुठे धरलंय ते बघितलं आणि म्हणाली, होईल. तिच्यापुढे आधीच कुणाचातरी भारीतला गाऊन पसरलेला होता. गळा मागून आवळायचा होता, म्हणून मानेवरचं ब्रँडचं लेबल तिने एकेक टाका उसवून बशीत काढून ठेवलं होतं. काम झालं की ते पूर्वीच्याच भोकांतून जिथल्या तिथे परत शिवायचं.

मग तिने फोन पुढे केला. कान चित्रपट महोत्सवातला ऐश्वर्या रायचा फोटो, नुकताच आलेला. फुलपाखराच्या पंखांसारखा निळा-जांभळा गाऊन आणि मागे 20 फूट लोळणारा घोळ. मला वाटलं, भारतीय गिऱ्हाईक म्हणून दाखवतेय. पण तिचं बोट ऐश्वर्यावर नव्हतं, गाऊनवर होतं. ‘मायकल सिन्को. पिनॉय,’ ती म्हणाली. पिनॉय म्हणजे फिलिपिनो, घरातल्या लाडक्या नावाने. आपल्या पुतण्याचा बोर्डात नंबर आल्यावर माणूस ज्या आवाजात सांगतं, त्या आवाजात.

बातम्यांत छापून आलं होतं की या गाऊनला 3,000 तास लागले. आतेने तिथल्या तिथे हिशेब केला. दिवसाला 10 तास, सुट्टी न घेता, तर एकटीला 300 दिवस. ‘म्हणजे एकटीचं काम नाही हे,’ ती म्हणाली. मी विचारलं, मग बाकीच्यांची नावं? तिने बशीतलं लेबल उचलून दाखवलं. त्यावर किती जागा असते, हे तिला सांगायचं होतं.

फिलिपिन्सच्या फॅशन डिझायनरांना परदेशात मान मिळतो तेव्हा त्या देशात जो आनंदाचा पूर येतो, त्याबद्दल मला काही म्हणायचं आहे. तो आनंद खोटा नाही, तो हसण्यासारखा तर मुळीच नाही. पण तो लेबलपाशी थांबतो आणि म्हणून फार लवकर संपतो, असं माझं मत झालं आहे.

आधी हा अभिमान कशाकशाचा आहे ते पाहू, कारण आपल्याकडे ही नावं फारशी कुणाला ठाऊक नसतात. मायकल सिन्को हा समार बेटावरचा, फिलिपिन्सच्या गरीब भागातला मुलगा. 1997 मध्ये तो दुबईला आला आणि तिथूनच मोठा झाला. 2018च्या आदल्या वर्षी कानमध्ये ऐश्वर्याने घातलेला तो सिंड्रेलाछाप आकाशी घेरदार गाऊनही त्याचाच. म्हणजे आपल्या व्हॉट्सअपवर दोन वर्षं लागोपाठ ज्याचे फोटो फिरले, तो माणूस फिलिपिनो होता, आणि आपण ‘आपली ऐश्वर्या’ म्हणून तेच फोटो पुढे ढकलत होतो. एकाच कपड्यावर दोन देशांचा अभिमान एकमेकांची ओळखही न होता बसला होता. दुबईतलाच फर्न वन, ज्याचे कपडे अमेरिकेतल्या पॉपगायिका रंगमंचावर घालतात. सेबूत वाढलेली आणि लॉस एंजेलिसमध्ये बसून हॉलिवूडच्या नवऱ्यांना, म्हणजे नवरींना, सजवणारी मोनीक लुइलिये. 2015 साली पिया वुर्ट्सबाख मिस युनिव्हर्स झाली, तेव्हाचा तिचा गडद निळा गाऊन अबुधाबीत बरीच वर्षं काढलेल्या आल्बर्ट आंद्रादाचा. 2018च्या डिसेंबरात कात्रिओना ग्रे त्याच स्पर्धेसाठी बँकॉकच्या मंचावर आली ती माक तुमांगच्या लाल गाऊनमध्ये, ज्यावर मायोन ज्वालामुखीचा लाव्हा खड्यांतून खाली ओघळत होता. मायोन आहे आल्बाय प्रांतात, तिच्या आईच्या मुलखात. त्या रात्री फिलिपिन्समध्ये मुकुटाइतकीच त्या गाऊनचीही चर्चा झाली.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त विचार करायला लावते ती जोसी नातोरी. मनिलात जन्मलेली, न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात मेरिल लिंचसारख्या पेढीत व्हाइस प्रेसिडेंटच्या खुर्चीपर्यंत पोचलेली बाई. 1977 मध्ये तिने ते सोडून धंदा करायचा ठरवला. काय विकायचं ते नक्की नव्हतं. फिलिपिन्समध्ये भरतकाम केलेला एक ब्लाउज ती ब्लूमिंगडेल्स या मोठ्या दुकानाच्या खरेदी करणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली. त्या म्हणाल्या, हा लांब कर, रात्री झोपताना घालता येईल. तिने लांब केला. त्यातून जो उद्योग उभा राहिला, तो आज नातोरी या नावाने ओळखला जातो, आणि पुढे शिवणकामासाठी फिलिपिन्समध्ये कारखानाही निघाला. या गोष्टीतली कल्पना न्यूयॉर्कच्या दुकानदारणीची, हिंमत जोसीची, पण ज्या वस्तूवर हे सगळं उभं राहिलं ते भरतकाम कुणाचं, हा प्रश्न गोष्ट सांगताना कुणी विचारत नाही.

मनिलातले शहाणेसुरते लोक ‘पिनॉय प्राइड’ला नाकं मुरडतात. कुणाची तरी आजी फिलिपिनो निघाली की त्या माणसाचं यश आपलं, परदेशातल्या एखाद्या परीक्षकाने मान डोलावली की देश धन्य, असली चेष्टा तिथे सर्रास चालते. ती चेष्टा मला पटत नाही. ती करणाऱ्यांनी आखाती देशात पाच वर्षं काढावीत. तिथे फिलिपिनो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येतं ते दुकानाचं काउंटर, हॉस्पिटलचा वॉर्ड आणि कुणाच्या तरी घरची मोलकरीण. फिलिपिन्सच्या सरकारी पाहणीनुसार 2023 मध्ये 20 लाखांहून जास्त फिलिपिनो परदेशात कामाला होते आणि त्यांत निम्म्याहून जास्त बायका. 1988 मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या बायकांपुढे बोलताना त्यांना देशाचे नवे वीर म्हटलं होतं. वीर म्हणायला सरकारचं काही जात नाही. वीरांनी पाठवलेल्या डॉलरांवर देश चालतो आणि वीरांना विमानतळावर वेगळी रांग मिळते. पण परक्या देशात रोज ‘ए बाई’ म्हणून हाक खाणाऱ्या माणसाला आपल्यातल्या कुणाचं तरी नाव तिथल्याच सर्वांत उंच इमारतीत आदराने घेतलं जातं, हे कळल्यावर छाती फुगली, तर ती फुगू द्यावी. आतेच्या आवाजातला तो पुतण्याचा आनंद मी ऐकलेला आहे. त्याची टिंगल करणं मला जमणार नाही.

माझी तक्रार त्यापुढची आहे. या अभिमानात देशाला काही करावं लागत नाही.

सिन्को दुबईत गेला, लुइलिये अमेरिकेत, नातोरी अमेरिकेत, आंद्रादा अबुधाबीत. या यादीतल्या बहुतेकांनी नाव कमावलं ते बाहेर जाऊन. बाहेरून बातमी आली की मग घरी हार. फिलिपिन्समध्ये राहूनच काम करणाऱ्या कपडेवाल्याची अवस्था काय, ते कुठल्याही बाजारात गेलं की दिसतं. तिथे वापरलेल्या परदेशी कपड्यांचे ढीग लागतात, त्यांना ‘उकाय-उकाय’ म्हणतात, म्हणजे उकरून काढायचे. बागिओसारख्या थंड हवेच्या गावात लोक खास त्यासाठी जातात. अमेरिकेत, कोरियात, जपानमध्ये अंगावरून उतरलेला चांगला कोट चहाच्या पैशात मिळत असेल, तर गल्लीतल्या मानानाहीकडे, म्हणजे शिवणारणीकडे, कोण जाईल? गंमत अशी की हा व्यापार कायद्याने बंद आहे. 1966चा प्रजासत्ताक कायदा क्रमांक 4653 वापरलेल्या कपड्यांची व्यापारी आयात मना करतो, आणि त्या कायद्याच्या लांबलचक नावातच हेतू सांगितलेला आहे : जनतेच्या आरोग्याचं रक्षण करणं आणि राष्ट्राची प्रतिष्ठा राखणं. राष्ट्राची प्रतिष्ठा कपड्यात आहे हे त्या देशाला तेव्हाच कळलेलं होतं, कागदावर तरी. आज तोच कागद खाली आणि कपड्यांचे ढीग वर. मी गरिबाने स्वस्त कोट घेऊ नये म्हणत नाही, मीही घेतला असता. पण कानमधल्या गाऊनला टाळ्या वाजवणारा देश आपल्याच शिंप्याला गिऱ्हाईक मिळवून देऊ शकत नाही, हे त्या टाळ्यांच्या आवाजात ऐकू येत नाही.

कारखान्यातल्या शिवणकामाचंही तेच. मनिलाच्या आजूबाजूला, काव्हितेत, बाताआनमध्ये हजारो बायका अमेरिकन ब्रँडांसाठी कपडे शिवत होत्या. श्रीमंत देशांनी प्रत्येक देशाला किती कपडे पाठवायचे याचा कोटा ठरवून दिलेला होता, त्या कोट्याच्या आडोशाला हा धंदा टिकून होता. 1 जानेवारी 2005 रोजी कोटा उठला आणि ऑर्डरी चीन, बांगलादेशाकडे वळल्या. कारखाने बंद पडत गेले. त्यांतल्या किती बायका पुढे आखाताच्या विमानात बसल्या असतील! आते त्यांतलीच. बाताआनमध्ये ती फक्त कॉलर जोडायची. आठ वर्षं नुसत्या कॉलरी. ‘अख्खा शर्ट मी पहिल्यांदा दुबईत शिवला,’ असं ती हसत सांगायची.

नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचे, हा प्रकार मनिलाला नवा नाही. स्पेनमधल्या फ्लामेंको नाचणाऱ्या बायकांच्या खांद्यावरची झालरीची, फुलाफुलांची रेशमी शाल ‘मनिलाची शाल’ म्हणून ओळखली जाते. ती मनिलात कधी होत नव्हती. चीनमध्ये, कँटनकडच्या कारागिरांनी भरलेल्या त्या शाली मनिला बंदरातून जहाजात चढायच्या, आणि 1565 ते 1815 अशी अडीचशे वर्षं मनिला ते मेक्सिकोतलं आकापुल्को हा जो स्पॅनिश जहाजांचा रस्ता होता, त्याने पडलेल्या वाटेवरून त्या स्पेनला पोचायच्या. शालीला नाव मिळालं बंदराचं. भरणारे चिनी हात नावातून गळाले. त्याच जहाजांतून आपल्याकडचं सुती कापडही मेक्सिकोत जात होतं, त्यालाही विणणाऱ्याचं नाव नव्हतंच. पुढे अमेरिकेचं राज्य आल्यावर उलटं झालं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सकडून येणारा नाजूक भरतकामाचा माल आटला, तेव्हा अमेरिकी व्यापाऱ्यांनी फिलिपिनो बायकांकडून बायकांचे आतले कपडे आणि बाळांची झबली घरोघर भरून घ्यायला सुरुवात केली. जुन्या वस्तू जमवणाऱ्या अमेरिकनांकडे ती झबली अजून सापडतात. लेबलवर एवढंच, फिलिपिन्समध्ये हाताने केलेलं. हात होता, देश होता, बाई नव्हती. जोसी नातोरीचा ब्लाउज याच हातांच्या नातींनी भरला असणार.

जाता जाता. आपल्याकडेही एका कपड्याला या शहराचं नाव होतं. माझे आजोबा घरी लेंगा आणि मनिला घालत. अर्ध्या बाह्यांचा, बाहेर सोडायचा, सुटसुटीत शर्ट. दोन मनिले वाळत घातलेत, आत घे, असं आजी म्हणायची. मनिला नावाचं गाव आहे आणि तिथेही पुरुष सणासुदीला शर्ट बाहेर सोडूनच घालतात, हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

तो त्यांचा सणासुदीचा शर्ट म्हणजे बारोंग. त्याच्याभोवती एक दंतकथा फिरते. स्पॅनिशांनी म्हणे नेटिव्हांना शर्ट खोचायची बंदी केली आणि आरपार दिसणारं कापड सक्तीचं केलं, आत शस्त्र लपवता येऊ नये म्हणून. या हुकमाला कागदाचा आधार सापडत नाही, पण अभिमानाला ही गोष्ट आवडते. खरी गोष्ट कापडाची आहे आणि ती दंतकथेपेक्षा कितीतरी सरस आहे.

बारोंगचं सर्वांत उंची कापड अननसाच्या पानांचं असतं, त्याला पिन्या म्हणतात. फळाचं नव्हे, पानांचं. अननस अमेरिकेतून आला. त्यांच्याकडे स्पॅनिशांनी आणला, आपल्याकडे पोर्तुगिजांनी, म्हणून आपण अननस म्हणतो आणि ते पिन्या. कोकणात, गोव्यात माडाखाली अननस लावतात, फळ काढतात आणि पानांचं काही करत नाहीत. पनाय बेटावरच्या आक्लान प्रांतात, कालिबो गावाच्या आसपास, ती लांब काटेरी पानं फुटक्या चिनीमातीच्या बशीच्या कडेने खरवडतात. वरचा हिरवा गर निघाला की आधी जाडेभरडे तंतू हाताला येतात, त्यांना ‘बास्तोस’ म्हणतात. मग नारळाच्या करवंटीच्या कडेने आणखी हलक्या हाताने खरवडलं की खालचा बारीक, केसासारखा तंतू सुटतो, तो ‘लिनिवान’. धुवायचा, वाळवायचा, विंचरायचा. तंतू पानाएवढाच लांब, म्हणून एकाचं टोक दुसऱ्याला गाठ मारून जोडायचं, गाठ दिसता कामा नये. एका शर्टाच्या कापडात अशा किती गाठी असतात ते गाठी मारणाऱ्या बाईंनाच ठाऊक. हे झालं की मग कुठे माग सुरू होतो. कापड विणून झालं की ते लुझोन बेटावर, लागुना प्रांतातल्या लुंबान गावी किंवा बातांगासच्या तालला भरतकामाला जातं. तिथे बायका काही धागे उपसून काढतात आणि उरलेल्यांना टाके घालून जाळी करतात. फुटकी बशी, करवंटी, गाठ, माग, जाळी, आणि या सगळ्याच्या शेवटी कात्री घेऊन डिझायनर.

डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोने आक्लानची ही पिन्या विणाई मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. परदेशात मिळालेली हीसुद्धा मान्यताच. पण हिच्या बातमीला लाव्हा गाऊनचा गजर लाभला नाही. साहजिक आहे, कुणी बाई ते घालून पायऱ्या उतरली नव्हती.

दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावर लेक सेबूला त्बोली जमातीच्या बायका अबाकाच्या, म्हणजे केळीच्या जातीतल्या एका झाडाच्या, धाग्याचं ‘तिनालाक’ विणतात. काळा, लाल आणि धाग्याचा स्वतःचा रंग, एवढे तीनच. नक्षी कागदावर काढलेली नसते, ती अबाकाची देवता फू दालू स्वप्नात दाखवते अशी त्यांची श्रद्धा. या विणकरणींत लांग दुलाय हे सर्वांत मोठं नाव. 1998 मध्ये फिलिपिन्स सरकारने तिला राष्ट्रीय जिवंत वारसा हा सन्मान दिला. फॅशन डिझायनरला राष्ट्रीय कलावंत म्हणायची वेळ त्या देशावर त्यानंतर आठ वर्षांनी आली : 2006 मध्ये रामोन वालेरा, तेसुद्धा त्याच्या मृत्यूनंतर 34 वर्षांनी. फुलपाखरी बाह्यांच्या ‘तेर्नो’ या पोशाखावरचा खांद्यावर घ्यायचा रुमाल काढून टाकून त्याला सुटसुटीत, एकसंध करणारा तो वालेरा. म्हणजे सरकारदरबारी विणकरीण आधी आणि डिझायनर नंतर, हा क्रम योग्य लागलेला आहे. लोकांच्या मनात तो उलटा आहे. आतेला सिन्कोचं गाव माहीत होतं. लांग दुलाय हे नाव मी घेतलं तेव्हा ती म्हणाली, कुणी नटी आहे का?

त्बोलींचा आणखी एक समज आहे. तिनालाक कापू नये, कापणाऱ्याला आजार येतो, मरणही येतं. विकायचंच झालं तर आत्म्यांना शांत करायला त्याला पितळी कडी बांधून द्यायची. आता डिझायनरचं पहिलं काम काय, तर कापणं. आज मनिलाच्या फॅशनमध्ये तिनालाकचे पट्टे, जाकिटं, पर्सा सगळीकडे दिसतात. कुणाला आजार आल्याचं ऐकिवात नाही. पण या समजामागे जो हिशेब आहे तो मला अंधश्रद्धा वाटत नाही. कापड अख्खं असतं तोवर ते विणणाऱ्या बाईचं असतं. कापलं की कापणाऱ्याचं होतं.

यावर उत्तर ठरलेलं आहे आणि त्यात दम आहे. नाव असलेला माणूस पुढे असल्याशिवाय मागच्यांना काम मिळत नाही. ऑलिव्हर तोलेंतिनोसारखा माणूस लॉस एंजेलिसमध्ये पिन्याचे गाऊन करतो तेव्हाच तिथल्या कुणाला कळतं की अननसाच्या पानाचं कापड होतं. खरं आहे. विणकरणींच्या सोसायटीने कितीही माहितीपत्रकं छापली तरी एका गाऊनने जेवढं काम होतं तेवढं होणार नाही. डिझायनर म्हणजे कापणारा एवढंच मी मानत नाही. आकार सुचणं, कुठे काय नको ते कळणं, ही मोठीच विद्या आहे, वालेराने एक रुमाल काढून टाकला त्यात ती दिसते.

पण रेड कार्पेटवरचा गाऊन म्हणजे एक ऑर्डर. मागाला रोज काम लागतं. आक्लानमध्ये गाठी मारणाऱ्या बाईच्या मुलीने गाठी मारायला बसावं की दुबईच्या विमानात, हे त्या एका गाऊनवर ठरत नाही, महिन्याच्या महिन्याला हातात काय पडतं यावर ठरतं. आणि इथे अभिमान बाळगणाऱ्या देशाकडे करण्यासारखं भरपूर आहे, तेही कायद्यात लिहून ठेवलेलं. 2004चा प्रजासत्ताक कायदा क्रमांक 9242 सांगतो की सरकारी नोकरांचे गणवेश अबाका, पिन्या, केळीचा धागा, रेशीम अशा देशी तंतूंच्या कापडाचे हवेत. सगळे कारकून पिन्याच्या बारोंगमध्ये बसवा असं कुणी म्हणत नाही, ते परवडणारही नाही. हे धागे सुतात आणि इतर धाग्यांत मिसळून रोज धुता येईल असं कापड करायचं तंत्र त्यांच्या सरकारी वस्त्र संशोधन संस्थेकडे आहे. पाहिजे ती मागणी. शिक्षक, कारकून, नर्सा, पोस्टमन, एवढ्यांच्या गणवेशाची मागणी वीस वर्षं नेटाने लावून धरली असती, तर आज किती माग चालू असते याचा हिशेब आतेसारखीने 10 सेकंदांत केला असता. प्रत्यक्षात गणवेश जिथे स्वस्त तिथून येतात, आणि बहुतेकांच्या लग्नातला बारोंगसुद्धा आयात केलेल्या रेशमाचा किंवा सरळ पॉलिएस्टरचा असतो.

एक गोष्ट मात्र त्यांनी झकास केली, ती सांगायलाच हवी. तेर्नो हा पोशाख हुकूमशहा मार्कोसच्या बायकोने, इमेल्दाने, इतका मिरवला की 1986 मध्ये मार्कोसांची सत्ता गेल्यावर तो घालणंच अनेकींना नकोसं झालं. 2018 मध्ये बेंच ही तिथली कपड्यांची कंपनी आणि देशाचं सांस्कृतिक केंद्र यांनी मिळून तेर्नोकॉन नावाची स्पर्धा सुरू केली. प्रांताप्रांतांतले नवे डिझायनर निवडायचे, मुरलेल्या डिझायनरांनी त्यांना हाताशी धरून ती फुलपाखरी बाही नीट उभी कशी करायची इथपासून शिकवायचं, आणि मग मनिलात मंचावर आणायचं. समारमधल्या पुढच्या पोराला नाव काढायला दुबईलाच जावं लागेल असं नाही, एवढं तरी यातून दिसलं. तिच्या बातम्या परदेशात फारशा आल्या नाहीत. मला ते तिच्या बाजूचंच वाटतं.

हे सगळं मी लांबच्या देशाबद्दल ऐटीत लिहितेय खरं, पण आपलं घर काही वेगळं नाही. 30 मार्च 2023ला गेटवे ऑफ इंडियासमोर दिओरचा शो झाला आणि मुंबईच्या भरतकामाचं नाव झालं म्हणून आपण हरखलो. जून 2025 मध्ये मिलानच्या मंचावर प्रादाच्या मॉडेलांच्या पायात कोल्हापुरी दिसली आणि कोल्हापूरचं नाव नाही म्हणून आपण खवळलो. खवळणं बरोबरच होतं, 2019 पासून त्या चपलेला भौगोलिक मानांकन आहे. पण तेव्हा जे जे खवळले त्यांतल्या किती जणांच्या पायात त्या दिवशी कातडी कोल्हापुरी होती? माझ्या नव्हती. सँडल होतं, कुठलं ते विचारू नका.

मनिलाच्या वर्तमानपत्रांना माझं सांगणं साधं आहे. गाऊनला किती तास लागले ते तुम्ही छापता, ते तास कुणाचे होते तेही छापा. चित्रपट संपला की शेवटी स्पॉटबॉयपर्यंत नावं सरकत जातात, प्रेक्षक उठून गेलेले असतात तरी. कपड्याला ते का नको? मानेवरच्या लेबलवर जागा नसेल, पण आज कुठल्याही लेबलवर एक चौकोनी कोड छापता येतो, फोन धरला की पानभर मजकूर उघडतो. खरवडणारीचं गाव, विणणारीचं नाव, भरणारीचं नाव. मोठ्या नावाच्या डिझायनरने हे केलं तर त्याचं काही कमी होणार नाही, उलट गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देईल. ते दोन पैसे कुठे जातात यावर मग भांडता येईल. नावच नसेल तर भांडणार कुणासाठी?

आठवड्याने मी ब्लाउज न्यायला गेले. दोन्ही बाजूंनी पाऊण पाऊण इंच सोडला होता, जुन्या टाक्यांची भोकंही दिसत नव्हती. आते खूष होती, पण स्वतःच्या कामावर नाही. आतली शिवण उलटून तिने मला दाखवली. ‘ज्याने शिवला त्याने बघ किती माया सोडलीय. तू दहा वर्षांनी येणार हे त्याला माहीत होतं. कोण आहे हा?’

मी दादरच्या दुकानाचं नाव सांगितलं.

‘दुकानाचं नाही विचारलं,’ ती म्हणाली.